मालकांना विचारून सांगते

"मालकांना इचारल्याबिगर कसं सांगू, आबा?" स्वप्नाली दारातूनच म्हणाली.

या महिन्यातली ही तिसरी खेप. हिंदुराव बावड्याहून सकाळच्या एसटीनं इंदापूरला यायचे, आपल्याच घराच्या पायरीवर बसून भाडेकरणीच्या हातचा चहा प्यायचे आणि तसेच माघारी जायचे.

"पोरी, गिऱ्हाईक दारात आलंय. रविंद्र सर म्हणत्यात, पंधरा तारखेला घर मोकळं दावा, तितंच इसार देतो. फुडं ते थांबायचं न्हाईत."

"मालक म्हणत्यात, घाई नगं. हायवेलगतची जागा हाय, दोन वर्सात दुप्पट भाव हुईल."

हिंदुरावांना हसूच आलं. भाडेकरणीच्या नवऱ्यानं त्यांना शहाणपण शिकवावं! हा गडी वर्षभरात एकदाही नजरेस पडला नव्हता. ट्रकवर असावा. पण पोर त्याचं नाव न घेता 'मालक' म्हणायची, ते त्यांना गोड वाटायचं. त्यांची बायको विजयमालाही चारचौघींत तसंच म्हणायची, आमचं मालक बाजारला गेल्यात.

"दोन वर्सं थांबायला हितं कुणाला सवड हाय?" ते म्हणाले. "वीस तारखेला बारामतीला म्हातारीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन हाय."

एके काळी जिच्या जोडव्यांच्या आवाजानं घराला उजाडायचं, ती विजयमाला आता भिंतीला विचारत विचारत पाऊल टाकत होती. उंबरा आला की उभी राहायची, नदीकाठी उभं राहावं तशी.

स्टँडवरून त्यांनी पुण्याला लेकाला फोन लावला.

"आबा, तुमचं घर, तुमी कवाबी विका," दिग्विजय म्हणाला. "मी कशाला मधी बोलू?"

"आरं, भाडेकरूच हलंना!"

"बाईमाणसावर जबरदस्ती नका करू. कायदा तिच्या बाजूनं हाय. आईचं दिवाळीनंतर बघू की."

लेक गुणाचा. भाडेकरू त्यानंच शोधून दिली, कचेरीतले भाडेकराराचे कागदही त्यानंच उरकले. ढीगभर कागद होते. तो बोट ठेवील तिथं हिंदुरावांनी सही केली होती, बस्स.

चौदा तारीख उजाडली. निघताना विजयमालानं त्यांची टोपी झटकून हातात दिली.

"न्हाई झालं ऑपरेशन तर न्हाई. तुमी असं वणवण फिरू नगा. माझ्या पायांपायी तुमचं पाय झिजत्यात."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि एसटीची वाट धरली.

इंदापूरच्या घराची पायरी त्यांनी आज पहिल्यांदाच चढून पार केली आणि चौकटीला टेकून उभे राहिले.

"आज मी माघारी जात न्हाय. लाव फोन तुझ्या मालकाला. मी हात जोडतो त्याच्या म्होरं. म्हातारी उभी ऱ्हायली पायजे, एवढंच मागणं हाय."

"आता कामात असतील ते, आबा."

"असू दे. नवरा हाय ना तुझा? बायकूचं दुखणं म्हंजी काय, त्याला कळंल."

स्वप्नाली त्यांच्याकडं बघतच राहिली. मग तोंडाला पदर लावून हसली. "नवरा? अवो, त्यो हितं आतच घोरतोय, रातपाळी करून आलाय! त्याला कोण इचारतंय? मी घराच्या मालकांचं म्हणतीया. करारावर नाव हाय ते."

तिनं नंबर लावला आणि वाजता फोन त्यांच्या हातात दिला.

हिंदुरावांनी तो कानाला लावला. त्यांनी तोंड उघडायच्या आत पलीकडून दिग्विजय म्हणाला, "काय ताई, आबा आलं व्हय परत? नुसतं व्हय व्हय म्हणा. उद्याची तारीख टळली, की बसतील गप."