पलीकडचा दिवा

पहिली शेळी टेम्पोतून उडी मारून उतरली, तेव्हा थोरल्याची बायको फाटकात आडवी उभी होती.

“त्या झाडीत कण्हेर आहे,” ती शेळीवालीला म्हणाली. “विषारी असते ती. एखादी मेली तर उगाच आमच्या माथी यायचं.”

शेळीवालीनं झाडीच्या कडेकडेनं चक्कर मारली, चार फांद्या ओढून पाहिल्या. कण्हेर कुठंच नव्हती. काटेरी झुडपं होती, वेली होत्या, शेळ्यांची चंगळ होती. बायकोचा चेहरा उतरला. थोरल्यानं ते पाहिलं आणि त्याला वाईट वाटलं. धाकट्या भावाचा राग हिच्या मनात आपल्याहून जास्त मुरलाय, असं त्याला वाटलं.

झाडी दोन सख्ख्या भावांच्या घरांमध्ये माजली होती. वडिलांनी लावलं तेव्हा ते कमरेएवढं साधं कुंपण होतं. वडील गेल्यावर ते छाटायचं कोणी, यावरून जुंपली. थोरला म्हणाला, मागच्या वेळी मी छाटलं. धाकटा म्हणाला, छे, ते मीच छाटलं होतं. एवढंच. भाऊ भांडायला लागले की त्यांना कारण लागतच नाही, आणि हे तर चांगलं हिरवंगार कारण होतं. बोलणं बंद झालं, छाटणीही बंद झाली. वर्षं गेली आणि कुंपणाचं रान झालं.

‘त्याचं नाव या घरात काढायचं नाही,’ असं थोरल्यानं बजावून ठेवलं होतं. बायकोनं ते पाळलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही पाळलं. नाव काढायचा तो फक्त थोरलाच. संध्याकाळी पलीकडच्या व्हरांड्यातला दिवा पानांआडून लुकलुकला की म्हणायचा, “लागला बघा लाटसाहेबांचा दिवा.” आणि मग जेवायला बसायचा.

खरं तर राग आता उरला नव्हता. हिवाळ्यात छातीत कळ येऊन तो दवाखान्यात पडला, तेव्हा त्याला सगळ्यात आधी धाकटाच आठवला होता. घरी आल्यावर जाऊन भेटायचं त्यानं ठरवलं. पण आपण होऊन त्याच्या दारात जायचं म्हणजे नाक खाली करणं आलं. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करता करता उन्हाळा लागला आणि त्याला भाड्याच्या शेळ्यांना झाडी चारायची युक्ती सुचली. झाडी गेली की समोरासमोर येणं आलंच. दोघं आपापल्या अंगणात उभे असणार, कुणीतरी उगाच खोकणार. पहिलं वाक्यसुद्धा त्यानं ठरवून ठेवलं होतं: “छाटलं बघ शेवटी मीच.”

शेळीवालीनं जाळी ठोकली आणि शेळ्या आत सोडल्या. त्या अशा तुटून पडल्या की बघत राहावं. आधी पाला, मग कोवळे शेंडे, मग वेलींच्या साली. एक तर मागच्या दोन पायांवर उभी राहून वरच्या फांद्या खाली वाकवत होती. थोरल्यानं जन्मभर कपडे शिवले होते. संध्याकाळी त्यानं पाहिलं, तर शेळ्यांचं तोंड पोचलं तिथवर सगळं साफ झालं होतं आणि त्याच्या वरचं तसंच दाट होतं. कात्रीनं एका रेषेत कापावं तसं. उभ्यानं पाहिलं तर पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. वाकलं तर दिसलं असतं.

शेळीवाली निघून गेली. शेळ्या जाळीत रवंथ करत बसल्या. बायको रोजच्यासारखी फिरायला बाहेर पडली. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून ती सकाळ-संध्याकाळ फिरायची, आणि फिरून कधी दमायची नाही, याची थोरला थट्टा करायचा.

तो एकटाच अंगणात राहिला. मग गुडघे धरून हळूहळू खाली बसला आणि त्या रेषेखालून बघायला लागला. धाकट्याच्या दाराची पायरी दिसली. पायरीवर वाळल्या पानांचा ढीग होता. हा आळशी पहिल्यापासूनच, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला हसू आलं. तेवढ्यात पायरीवर दोन पाय चढले. वर दिवा लागला. थोरला आणखी खाली वाकला.

पाय त्याच्या स्वतःच्या बायकोचे होते.

तो फांद्यांतून अंग ओरबाडून घेत पलीकडे गेला. दाराला बाहेरून कुलूप होतं. बायको बटणाजवळ हात तसाच धरून उभी होती.

“भाऊजी नाहीत इथं,” ती म्हणाली. “खूप आजारी होते. त्यांच्या मुलानं त्याच्या घरी नेलं, त्याला दोन वर्षं झाली. जाताना मला शपथ घातली. म्हणाले, वहिनी, दिवा तेवढा लावत जा. नाहीतर दादाला वाटेल, मी हार मानून पळालो.”

“गाढव आहे तो. चल, आत्ता निघू. पत्ता आहे ना तुझ्याकडे?”

तिनं पदर तोंडाला लावला.

“गेल्या महिन्यात गेले ते.”

थोरला पायरीवरच्या पानांत बसला. मूठभर पानं चुरत म्हणाला, “आणि तू मला सांगितलं नाहीस.”

“काय सांगणार? तुमच्यापुढे त्यांचं नाव काढायची सोय होती का? मला वाटायचं, तुमचा राग अजून आहे.”

“राग केव्हाच गेला होता गं,” तो म्हणाला. “मी म्हटलं, आहे की तो इथंच, कुठं जातोय.”