बडतर्फी आणि बारसं

“कोर्टात नेताना तुमच्या हातून आरोपी पळाला. बडतर्फीला एवढं कारण पुरेसं आहे. काही म्हणायचंय?” चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं. हवालदार ठोंबरेबाईंनी मान खाली घातली. त्यांची उभी नोकरी एका पाकीटमाराने पळवली होती. एवढा मोठा हात त्याने जन्मात मारला नसेल.

तेवढ्यात दार ढकलून तोच पाकीटमार, चंदर, बर्फीचा पुडा घेऊन आत आला. “ताई, मुलगी झाली! म्हणून तर पळालो होतो. आज बारसं आहे. मला बहीण नाही, आत्या तुम्हीच व्हा.”

बाईंनी आधी त्याचं मनगट धरलं, मग बर्फी घेतली.

साहेबांनीही एक तुकडा तोंडात टाकला आणि कारकुनाला सांगितलं, “लिहा. हवालदार ठोंबरे यांनी फरार आरोपीस शिताफीने जेरबंद केले. बडतर्फीचे कारण उरले नाही.” मग बाईंकडे न बघता म्हणाले, “कोठडीची वाट बारशावरून जात असेल, तर मला विचारू नका.”

संध्याकाळी बेड्या घातलेल्या बापासमोर बाईंनी बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं आणि हळूच बजावलं, “पळायचं तर शर्यतीत पळ गं, बापासारखं नको.” रिवाजाप्रमाणे वस्तीतल्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. पोलिसाला बडवायची संधी पुन्हा कधी मिळणार, म्हणून पुरुषही रांगेत उभे राहिले.

ड्यूटीवरच्या पोलिसावर हात उचलणं गुन्हा आहे, हे बाईंना पाठ होतं. त्यांनी हसत हसत पाठ आणखी वाकवली.