हलगी-सनईचा मान

गेवराईत एसटीडी बूथमागच्या खोलीत तानाजी त्याच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर वरातीचं गाणं जुळवत बसला होता. लग्न ठरतानाच बोली झालेली, की हलगी मुलाकडची आणि सनई मुलीकडची. दोन्हींचे छोटे छोटे तुकडे वाजवून रेकॉर्ड करून घेतले होते. आता ते रंगीत पट्ट्यांसारखे मॉनिटरवर एकाखाली एक रांगेनं लावले, की झालं गाणं. शेजारी बसलेल्या आश्रुबांनी, म्हणजे नवरदेवाच्या मामांनी, त्या पट्ट्या बघितल्या आणि त्यांचा पारा चढला.

"सनई वर, अन् आमची हलगी तिच्या पायाशी कावून?"

"मामा, वर-खाली काई नसतंय, समदं संगंच वाजतंय," म्हणत तानाजीनं हलगी वर ओढली. तसे पलीकडे बसलेले नवरीचे वडील लिंबाजीअण्णा उठून उभे राहिले.

"मंग आमी काय पंगतीच्या शेवटाला बसायचं? मोडली ही सोयरीक!"

तानाजीनं घाम पुसला, मॉनिटरच बंद केला आणि गाणं लावलं. डावीकडच्या स्पीकरमधून हलगी कडाडली, उजवीकडच्यातून सनईनं सूर धरला. दोघांच्याही माना डोलायला लागल्या. अण्णांनी तर मामांपुढं तंबाखूची डबी धरली. सोयरीक वाचली, तानाजीच्या जिवात जीव आला.


तेवढ्यात मामांनी हलगीच्या स्पीकरला कान लावला आणि ते ताडकन उठले, "नवरदेव आमचा, अन् आमीच डाव्या अंगाला कावून?"