यहूदावरचा आमेन

चर्चच्या काचा फोडणारा माणूस सापडला आणि मंडळीने त्याला अंगणातच काठ्यांनी बदडायला सुरुवात केली. त्याचे दात मातीत पडले.

"पाळकसाहेब, शत्रूंवरचा न्याय वाचा की," दानिएलदादा धापा टाकत म्हणाला.

मध्ये पडण्याचं धैर्य म्हाताऱ्या पाळकांना नव्हतं. त्यांनी बायबलातलं, शत्रूंच्या शहरांवरच्या न्यायाने सुरू होणारं आमोस संदेष्ट्याचं पुस्तक उघडलं.

"देव दिमिष्क जाळील."

"आमेन." काठी पाठीत बसली.

"गज्जा जाळील."

"आमेन." हाताचं हाड मोडलं.

पाळक क्षणभर अडखळले, पण पुढे वाचत राहिले. "यहूदा जाळील."

"आमेन," सगळे सवयीने म्हणाले. डोक्यावर उगारलेली दानिएलची काठी तिथेच थांबली.

"साहेब, यहूदा तर देवाच्या माणसांचा देश. म्हणजे आपणच."

"हो दादा," पाळक हळूच म्हणाले. "आमेन तर म्हणून झालंय. आता याला उचला, दवाखान्यात न्या."