एकविसावा दिवस

वच्छलाबाईंनी टेम्पो दारात बोलावलाच होता, तेवढ्यात ईरप्पा गुरुजी फडक्याला हात पुसत आले. त्यांची बोटं तेलानं काळी झाली होती.

"अंडी कुठं चालवलीत?"

"सोलापूरला, बहिणीकडं. धा वाजल्यापासनं वारं पडलंय, गुरुजी. पवनचक्की बघा की, खांबागत उभी हाय."

उबवणीच्या मशीनमध्ये तीनशे अंडी होती. आज एकविसावा दिवस. काहींना तडे गेले होते, आतून टकटक ऐकू येत होती.

"आज हलवलीत तर निम्मी पिल्लं दगावतील," गुरुजी म्हणाले. "बॅटरी आहे ना. पहाटेच्या वाऱ्यानं भरलीय. सहा तास मशीन चालेल."

"ती पेटी? ना धूर, ना आवाज. मुक्या वस्तूवर काय भरवसा?"

गुरुजी वळसंगच्या शाळेतून निवृत्त झालेले. वस्तीची वीज आता तेच सांभाळत. ते ओट्यावर टेकले.

"असं बघा. बॅटरी म्हणजे छपरावरची टाकी. वारं ती भरतं. वारं थांबलं तरी नळाला पाणी येतंच की. टाकी आटली, तरच विहिरीवरचा पंप लावायचा. आपला पंप म्हणजे गोबरगॅसचं इंजिन."

"मग इंजिनच लावा. धडधड ऐकली की जिवाला बरं वाटतंय. न्हायतर निघाले मी."

गुरुजींनी टेम्पोकडं पाहिलं. "आवाज आला की टेम्पो परत पाठवाल?"

"व्हय. लगेच."

पंधरा मिनिटांत इंजिनाच्या शेडमधून धडधड सुरू झाली. टेम्पो रिकामाच परत गेला.

दुपारी वच्छलाबाईंनी गुरुजींना फोन लावला. त्यांनी उचलला आणि इंजिन गप्प झालं.

"अवो, बंद पडलं की!"

"तुमचं नीट ऐकू यावं म्हणून. बोला."

"पयलं पिल्लू आलं! आता ठेवते, लावा लवकर."

फोन ठेवताच धडधड पुन्हा सुरू झाली. असा शहाणा माणूस आणि असं गुणी इंजिन, वच्छलाबाईंना वाटलं.

साडेतीनला वारं सुटलं. पवनचक्कीची पाती फिरू लागली. तोवर मशीनमध्ये नुसता चिवचिवाट माजला होता. भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन वच्छलाबाई शेडकडं निघाल्या. वारं आलं तरी इंजिन चालूच होतं. गुरुजींचा डोळा लागला असणार.

त्यांनी दार ढकललं. गुरुजी घोंगडीवर गाढ झोपले होते. शेजारी पोत्यावर इंजिनाचा एकेक नटबोल्ट सुटा करून मांडला होता, आणि उशाशी, फोनला जोडलेला भजनी मंडळाचा स्पीकर जोरजोरात धडधडत होता.