तीन तास पुढे

"चोराच्याच हाती चावी द्यायला निघालात, म्वालिमू?" कारकून मामा आग्नेस म्हणाली. इथे गुरुजींना म्वालिमू म्हणत, आणि तिच्यासारख्या बाईला मामा, म्हणजे आई.

मुख्याध्यापक सांगा यांनी टोपी चढवली. शाळेच्या एकुलत्या एका संगणकावर पाच दिवस काळा पडदा आणि दोन पांढऱ्या ओळी होत्या. तो चालवणाऱ्या प्रणाली त्यात दोन होत्या, विंडोज आणि लिनक्स. जागा मोकळी करायला म्हणून मामा आग्नेसने एक बिननावाचा कप्पा पुसला आणि दोन्ही ठप्प झाल्या. मुलांची बोर्डाची नावं आत अडकली. शाळेची घंटासुद्धा त्यातल्या लिनक्सवरूनच वाजायची. तीन वर्षांत तिचा एक ठोका चुकला नव्हता. आता निलगिरीला टांगलेली ट्रकची जुनी रिंग बडवावी लागत होती.

हे दुखणं जाणणारं न्जोंबे गावात एकच माणूस होतं, तुमाइनी म्गया. गेल्या वर्षी शाळेची प्रश्नपत्रिका फुटली. फाइल अकरा वाजता उघडल्याची नोंद लिनक्सवर होती, आणि अकराला कचेरीत संगणकशिक्षिका तुमाइनी एकटीच होती. सांगांनी तिला पालकांसमोर काढून टाकलं. आता ती बसस्थानकाजवळ लोकांचे फोन चार्ज करून द्यायची.

"शिकामू, म्वालिमू," त्यांना पाहताच ती वाकून म्हणाली.

यावर थोरांनी 'माराहाबा' म्हणून तो नमस्कार स्वीकारायचा. सांगांनी तो स्वीकारला नाही. खाली बघतच त्यांनी काम सांगितलं. ती पेनड्राइव्ह घेऊन शाळेकडे निघाली.

"आतलं सगळं शाबूत आहे," पेनड्राइव्ह लावून ती म्हणाली. "दारावरचा राखणदार तेवढा मेलाय. नवा बसवते. मामा, चहा पाजणार, की तोही पुसून टाकलात?"

मामा आग्नेस फणकाऱ्याने चुलीकडे गेली.

अर्ध्या तासाने पडद्यावर दोन नावांची यादी उमटली. तुमाइनीने लिनक्स उघडलं. बोर्डाची नावं जागच्या जागी होती. सांगांनी हुश्श केलं. तिने आणखी एक लहानशी ओळ टाइप केली, पडदा साफ केला, आणि मग थबकली.

"म्वालिमू, हे घड्याळ बघा."

भिंतीवर पावणेदहा. लिनक्सवर पावणेएक.

"दोघांची वेळ वाचायची रीत वेगळी. विंडोज म्हणतं, आतलं घड्याळ इथलं. लिनक्स म्हणतं, ते विलायतेचं, आणि वर आपले तीन तास मिळवतं. पहिल्या दिवसापासून असंच असणार."

सांगांनी बोटं मोजली. नोंदीतले अकरा म्हणजे खरे आठ. त्या दिवशी आठला तुमाइनी आईला घेऊन दवाखान्यात होती. सकाळच्या दोन तासांच्या रजेच्या अर्जावर त्यांचीच सही होती.

त्यांचे कान तापले. साठीचा माणूस खुर्चीतून उठला आणि तिच्यापुढे वाकला.

"मला माफ कर, मुली."

"राहू द्या, म्वालिमू. मी वेळ सरळ करते." तिचा हात कळफलकाकडे गेला.

"हात लावू नकोस! हे असंच पालक समितीला दाखवायचंय. ज्यांच्यासमोर तुला चोर म्हटलं, त्यांच्यासमोरच..." त्यांचा आवाज फाटला. "सोमवारपासून कामावर ये."

"पण घड्याळ तेवढं..."

"राहू दे म्हटलं ना!"

मामा आग्नेस चहा घेऊन आली. पहिला कप तिने तुमाइनीपुढे ठेवला आणि मान खाली घातली. तिघं चहा घेत बसली. वर्षभर हिने बसस्थानकावर लोकांच्या नजरा सोसल्या, माझ्यामुळे, असं सांगांच्या मनात येत राहिलं.

"माराहाबा," अखेर ते पुटपुटले.

तेवढ्यात छपरावरच्या भोंग्यातून एक वाजताची, जेवणाची लांब घंटा घणघणली. मुलं ताटल्या वाजवत अंगणात धावली. तुमाइनीने कप खाली ठेवला. तिने वर पाहिलं नाही.

भिंतीवर दहा वाजले होते. पहिल्या दिवसापासून लिनक्सच्याच घड्याळावर वाजणारी घंटा तीन वर्षांत पहिल्यांदाच चुकली होती.