घर आपलंच समजा

विश्वजीतची बायको उद्या इस्लामपूरच्या नव्या घरात राहायला येणार होती. घर तयार होतं, पण अंगण दिवसभर सावलीत, तिथं गुलाब काही जगेना. बागकाम करणाऱ्या गुंडातात्यांनी वर बघितलं, तर मोकळं आभाळ.

"सावली कशाची रं ही?"

"चिंचेची. घराच्या आड येत व्हती, म्हणून तोडली."

"आधी नारळ ठिवून माफी मागितलीस न्हवं?"

"व्हय की तात्या! हात जोडून म्हणलो, राग मानू नका, घर आपलंच समजा."

तात्यांनी गुलाबाची रोपं गुपचूप पिशवीत भरली.

विश्वजीत त्यांना पाणी आणायला वळला, तर रिकाम्या घराचं दार आतून बंद. त्यानं कडी वाजवली.

आतून आपुलकीनं आवाज आला, "कुठलं पाव्हणं?"